बिनधुराचा कोळसा

माझा भाऊ सगुण याचं लग्न कारापूरला झालं, त्याच हिवाळ्यात मी दुसऱ्यांदा बाळंत झाले. लग्न डिसेंबर १९८६ मधलं. गोव्यात भाषेच्या वादावरून ठिकठिकाणी रस्त्यांवर झाडं आडवी टाकलेली होती. माझ्या माहेरचं, पेडण्याचं वऱ्हाड टेम्पोतून कसंबसं डिचोलीपर्यंत आलं आणि पुढे नवऱ्यामुलासकट चालत गेलं. सगुण नव्या वहाणा हातात धरून मांडवात शिरला, असं सांगून लोक अजून हसतात. मी ते पाहिलं नाही. मला नववा लागला होता आणि नवऱ्याने मला पाळी गावातल्या आमच्या खोलीबाहेर पाऊल टाकू दिलं नव्हतं.

माझा नवरा दत्ताराम दोडामार्गाकडचा. पाळीला खनिजाचा ट्रक चालवायचा. गोकुळदास नावाच्या दुकानदाराच्या घराच्या पुढच्या अंगाला आमची भाड्याची जागा होती: एक खोली, एक चुलीपुरता आडोसा आणि बाहेर ओटा. खोलीची खिडकी रस्त्यावर उघडायची. रस्ता खाणीतून नदीवरच्या बार्जांच्या धक्क्याकडे जाणारा. पाऊस संपला की पुढच्या पावसापर्यंत ट्रकांची रांग तुटायची नाही. भांडी, कपडे, डोक्याचे केस, ताटातला भात, सगळ्यावर लाल पूड बसायची. धुतलेलं पांढरं धोतर गोकुळदास घराच्या आत दोरी बांधून वाळवायचा.

पहिला मुलगा मला १९८५ च्या मार्चमध्ये झाला होता. तेव्हा इस्पितळातल्या नर्सबाईने बजावून सांगितलं होतं, खोलीत उजेड-वारा येऊ द्या, धुरी-बिरी काही करू नका. आम्ही तसं केलं. खिडकी उघडी ठेवली. आठव्या दिवशी पोराची छाती वाजू लागली. अकराव्या दिवशी तो गेला. त्याला न्हाऊ घातलं तेव्हा नाकपुड्यांत लाल माती होती. डॉक्टर म्हणाले की हे दुखणं छातीतल्या कफाचं, धुळीचंच असं सांगता येत नाही. पण ती माती मी माझ्या करंगळीने काढली होती आणि दत्ताराम शेजारी उभा होता. तो ट्रकवर परत गेला तो पाच दिवसांनी, आणि तेव्हापासून आमच्या दारावरून जाताना गाडी अगदी हळू घ्यायचा. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवायचे.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी गरोदर आहे हे कळल्यापासून त्याचं एकच चाललं होतं. मला तो एकदाच म्हणाला, “ह्या येळेक धूळ आत येवक देवचंय नाय.” मग कामालाच लागला. ट्रकवर घालायची जुनी ताडपत्री होती, ती कापून त्याने खिडकीला आतून बाहेरून खिळ्यांनी ठोकली. भिंत आणि छपराच्या मधल्या फटी चिखल-शेणाने लिंपल्या. दाराला खाली दोन बोटं फट होती. तिथे कपडा कोंबायचा.

मला आई नव्हती, सासू गावी अंथरुणाला खिळलेली. भावाच्या नव्या बायकोला लग्न होऊन तीन आठवडे झालेले, तिला माझं बाळंतपण करायला बोलावणार कसं? गोकुळदासाची बायको भाग्यलक्ष्मी हिने सर्वणहून गंगाबाय आणून दिली. गंगाबाय वयजीण, म्हणजे आमच्याकडची सुईण. साठी उलटलेली विधवा, बुटकी, हाताला मनगटापर्यंत सदा तेलाचा वास. अर्ध्या डिचोली तालुक्याला आपण आंघोळ घातली आहे, असं सांगायची. आता बाळंतपणं इस्पितळात होत, तरी पुढचे बारा दिवस आई-मुलाला सांभाळायला तीच लागायची. ती आमच्याकडे राहायलाच आली. खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या तिने भिंतीवरून बोट फिरवलं, ते दत्तारामला दाखवलं आणि म्हणाली, “अर्दें गोंय जपानाक गेलें, उरिल्लें तुमच्या कुडींत आसा.” अर्धं गोवं खनिज होऊन जपानला गेलं, उरलेलं तुमच्या खोलीत आहे.

दत्ताराम हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

मुलगी झाली ती ४ जानेवारीला, रविवारी, डिचोलीच्या इस्पितळात. मंगळवारी आम्ही घरी आलो. नर्सबाईने या वेळीही तेच सांगितलं आणि आम्ही या वेळीही मान डोलावली. पण ट्रकच्या केबिनमधून येताना मी बाळाचं तोंड दोन पदरी लुगड्यात झाकलं होतं.

डिसेंबरात रस्ते बंद असल्यामुळे खनिजाच्या खेपा राहून गेल्या होत्या. त्या भरून काढायला जानेवारीत ट्रक दुप्पट धावत होते. घर थरथरायचं. बाळ दचकून उठायचं आणि रडायला लागलं की थांबायचं नाही. मला पहिल्या मुलाचं काही आठवेना. त्याला कसं धरायचे, किती वेळ पाजायचे, सगळं पुसून गेलं होतं. छातीला लावलं की ती दोन घोट घ्यायची आणि मान फिरवून किंचाळायची. माझं दूध तटतटून दगड झालेलं. मीही तिच्याबरोबर रडायचे. गंगाबाय म्हणायची की तुम्ही दोघी मिळून मला रडवा आणि मग तिघी मिळून दत्तारामला रडवू, निदान त्याला बाहेर झोपल्याचा पश्चात्ताप होईल. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष झोपत नाही; तो ओट्यावर गोणपाट घालून झोपायचा.

गंगाबायची शिस्त ठरलेली होती. सकाळी नवाला मला कढत पाण्याने न्हाऊ घालायची, मग बाळाला. मग बाळाला तेल चोळून, घट्ट गुंडाळून खाटेवर ठेवायचं आणि खाटेखाली शेगडी सरकवायची. तिच्यात ओवा, वेखंड, बाळंतशेपा टाकायच्या. ऊब अंगात मुरली पाहिजे. दार ओढून लावायचं आणि कपडा कोंबायचा. मी चुलीच्या आडोशाला जायला निघाले तरी ती आतून ओरडायची की कपडा घाल. कितीदा तरी. दोन दिवसांत माझ्या पायाला ती सवय झाली. दार ओढलं की पायाच्या अंगठ्याने कपडा फटीत ढकलायचा. तो कपडा तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याचा होता.

पहिले दोन दिवस शेगडीत लाकडाचे निखारे होते. खोली धुराने भरायची आणि बाळ खोकायचं. तो खोकला ऐकला की दत्ताराम दाराबाहेर येऊन उभा राहायचा. आत यायचा नाही, नुसता उभा. तिसऱ्या दिवशी त्याने साखळीच्या बाजारातून कोळशाचं पोतं आणलं. चांगला, खणखणीत, बिनधुराचा. गंगाबायने एक तुकडा दुसऱ्यावर आपटून आवाज ऐकला आणि त्याचं कौतुक केलं. म्हणाली की पुरुषाच्या जातीला सुचलेली ही पहिली चांगली गोष्ट.

त्या दिवशी बाळ झोपलं.

दुपारपर्यंत झोपलं. उठून थोडं प्यायलं आणि परत झोपलं. ट्रक जात होते, भिंत थरथरत होती आणि ते झोपलेलं होतं. मला वाटलं, देव पावला. माझं डोकं मात्र दुखत होतं. एवढी रात्रींची जागरणं, दुखणारच. गंगाबाय म्हणाली, हा बाळंतवारा. शेक वाढवायला हवा. शेगडी लहान पडत होती, म्हणून दत्तारामने खाणीवरचं लोखंडी घमेलं आणलं, खनिज उचलायचं. त्यात शेगडीच्या तिप्पट कोळसा मावायचा.

सहाव्या रात्री सटी, म्हणजे सटवीची पूजा, झाली. सातव्या दिवशी भाग्यलक्ष्मी बाळाला बघायला आली. तिने बाळाच्या गालाला बोट लावलं. गाल लालचुटूक झाले होते, ओठही. असा रंग आमच्या कोणाच्या घराण्यात नाही, आजोळचा म्हणावा तर तेही नाही, असं ती म्हणाली आणि मला हसू आलं. अर्धा तास बसली असेल. बोलता बोलता तिने कपाळ दाबून धरलं, उठली आणि ओट्यावर जाऊन ओकली. नंतर परत आत आली नाही. दारातूनच गंगाबायला तिने जे सांगितलं ते मी ऐकलं. या खोलीत काहीतरी आहे. पहिलं गेलेलं पोर या पोराला ओढतंय.

गंगाबाय तिच्यावर चिडली. ओल्या बाळंतिणीसमोर असं बोलतात का? पण भाग्यलक्ष्मी गेल्यावर तिने उंबऱ्यावर मीठ-मिरच्या ठेवल्या, खाटेच्या पायाला काळा दोरा बांधला आणि मला बजावलं की बारशापर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. आता आडोशालाही जायचं नाही, जे लागेल ते ती आत आणून देईल. “बारा दीस जांव दी,” ती म्हणाली, “मागीर तूं खंय वच.” बारावा दिवस होऊ दे, मग कुठे जायचं तिथे जा.

मी बारा दिवस मोजू लागले. पहिला अकराव्याला गेला होता.

आठव्या, नवव्या दिवशी बाळ आणखी कमी रडलं. सकाळच्या न्हाण्यानंतर तर नाहीच. संध्याकाळी कोळसा विझला, दार उघडझाप झालं की ते किरकिरायचं, प्यायचं, हातपाय हलवायचं. रात्री चांगलं जोरात रडायचं. मला ते उलटं वाटायचं. दिवसा गुणी आणि रात्री त्रास देणारं. मला पहाटे बरं वाटायचं आणि दुपारी गळून गेल्यासारखं. गंगाबायलाही एकदा भोवळ आली. बाळाचं पाणी तापवताना ती भिंतीला धरून खाली बसली आणि म्हणाली की म्हातारपण आलं हो, आता हा धंदा सत्यवतीला द्यायला हवा. सत्यवती तिची मुलगी, सर्वणलाच दिलेली. यातलं काहीच आम्ही एकमेकांना जोडलं नाही. जोडणार कसं? धूर नव्हता. खोली आजवर कधी नव्हती इतकी स्वच्छ होती. खाटेवरच्या पांढऱ्या चादरीवर लाल कण नव्हता.

सोमवारी दत्तारामला कौलांतून येणारी उजेडाची तिरीप दिसली. तिच्यात धूळ तरंगत होती. त्या संध्याकाळी खेपा संपवून तो शिडी घेऊन आला आणि कौलांच्या खालून सबंध खोलीभर ताडपत्री ताणली. तेवढ्यापुरतं गंगाबायने मला बाळासकट आडोशाला बसू दिलं होतं. काम झाल्यावर त्याने दिवा लावून वर बघितलं, सगळ्या कडा हाताने चाचपल्या आणि खाली उतरून बाळाजवळ आला. तिच्या नाकपुडीत त्याने अगदी हळूच, करंगळीचं टोक फिरवून बघितलं. काही नव्हतं. तो माझ्याकडे पाहून हसला.

मंगळवारी गंगाबायने नेहमीसारखं न्हाऊ घातलं. थंडी जास्त होती, म्हणून घमेलं काठोकाठ भरलं. बाळ गुंडाळून खाटेवर ठेवलं. मी बाजूला आडवी झाले. गंगाबाय कोपऱ्यात पाट घेऊन भिंतीला टेकली. तिने पाळणा म्हणायला सुरुवात केली. ती बोलायची कोंकणी, पाळणा मात्र मराठी म्हणायची. दोन ओळींनंतर तिसरी आली नाही. मी वाट पाहिली आणि मला झोप लागली असावी.

जाग आली ती दुधाने. पोलकं भिजलं होतं. पाजायची वेळ टळून गेली होती आणि बाळ उठलं नव्हतं. मी तिला जवळ ओढलं, तोंडात दूध पिळलं. ते गालावरून खाली आलं. ओठ मिटले नाहीत. मी तिचा हात गुंडाळीतून मोकळा केला, वर उचलला आणि सोडला. तो पडला.

मी गंगाबायला हाक मारली. दोनदा. तिने डोळे उघडले, पण माझ्याकडे नाही, दुसरीकडेच पाहिलं.

“भुरगें उठना गे,” मी म्हटलं. बाळ उठत नाही.

“न्हिदूं दी,” ती म्हणाली. झोपू दे. मग बऱ्याच वेळाने, जीभ जड झाल्यासारखी, “म्हजी तकली... जड जाल्या.” डोकं जड झालंय.

मी उठले. खोली फिरत होती. मला भाग्यलक्ष्मीचे शब्द आठवले आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी कोळशाची नाही, माझ्याच पहिल्या मुलाची भीती वाटली. तो याच खोलीत आहे आणि हिला नेतो आहे. हिला या खोलीतून बाहेर काढायचं, एवढंच डोक्यात राहिलं. मी बाळाला पोटाशी धरलं, दार उघडलं, मीठ-मिरच्या ओलांडल्या.

आणि बाहेर आल्यावर मी दार ओढून घेतलं, पायाच्या अंगठ्याने कपडा फटीत ढकलला.

ओट्यावरून मी रस्त्यावर गेले. रिकामे ट्रक खाणीकडे परत जात होते, लाल धूळ डोक्याएवढी उठलेली. मी तिला घेऊन तशीच धुळीत उभी राहिले. एक ट्रक थांबला. दत्तारामचा सोबती बाबली खाली उतरला. “काय झाला वयनी?” मी बाळ त्याच्यापुढे धरलं. त्याने बाळाकडे पाहिलं, तिच्या तोंडावर फुंकर घातली, पाय चोळले. तिने धूळ ओढली, खोकली आणि बारीक आवाज काढला. रडणंही म्हणता येणार नाही असा. बाबलीने मला केबिनमध्ये चढवलं आणि ट्रक रस्त्यातच वळवला. मागची सगळी रांग अडली.

साखळीला पोचायला पाऊण तास लागला. मी वाटेत दोनदा ओकले. वाऱ्याने डोकं हलकं होत गेलं, तसतसं बाळही हलायला लागलं. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिचे ओठ पाहिले, माझे डोळे पाहिले. तिच्या तोंडाशी प्राणवायूची नळी धरली. मग विचारलं, खोलीत शेगडी होती का? मी हो म्हटलं. पण धूर नव्हता, असंही सांगितलं. चांगला कोळसा होता, धुराचा नव्हता. खिडकी? बंद. धूळ येते.

नळी तशीच धरून ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “तुमच्याबरोबर खोलीत आणखी कोण होतं?”

मी बाबलीकडे पाहिलं. बाबली ट्रककडे धावत सुटला.

पाळीत तेव्हा फोन दोनच होते आणि दोन्ही लागले नाहीत. बाबली पोचला तोपर्यंत मला घरातून निघून दीड तास झाला होता. गोकुळदास दुकानात होता, भाग्यलक्ष्मी मागच्या अंगणात. दार लोटलेलं पाहून त्यांना वाटलं, नेहमीसारखा बाळंतिणीचा शेक चालला आहे. बाबलीने कपडा बाजूला केला आणि दार ढकललं. गंगाबाय पाटावर तशीच भिंतीला टेकून होती. गाल लाल होते. बाबलीने तिला हाक मारली, कारण तो म्हणतो, ती मेलेली वाटतच नव्हती.

पोलीस आले, बंद खोलीत कोंडलेल्या कोळशाच्या वायूने मृत्यू असा पंचनामा झाला, माझा जबाब दवाखान्यात घेतला गेला. कोणावर ठपका ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी मी बाळाला घेऊन घरी आले तेव्हा ताडपत्र्या काढलेल्या होत्या आणि खोलीत सगळीकडे लाल धूळ होती. दत्ताराम ओट्यावर बसला होता. सत्यवती आईचं गाठोडं न्यायला आली होती. तिने हिरवा कपडा उंबऱ्याबाहेरून उचलला, झटकला आणि दत्तारामला विचारलं की हा बाहेरून कोणी घातला. आत असलेल्या माणसाला तो बाहेरून घालता येत नाही, हे तिला दिसत होतं. दत्ताराम म्हणाला की बाबलीने दार उघडताना तो तिकडे पडला असेल.

“मी घातला,” मी म्हटलं. “भायर येतना.”

तिने कपड्याची घडी घातली. सावकाश, चार पदरी. मग म्हणाली, “आवयन शिकयलेलें तूं विसरूंक ना.”

आईने शिकवलेलं तू विसरली नाहीस. तिने ते रागाने म्हटलं की कशाने, मला आजही सांगता येत नाही. ती आमच्या घरचं पाणी न पिता गेली.

लोकांनी यावर दोन गोष्टी रचल्या. एक, पहिल्या मुलाने बहिणीला सोडलं आणि म्हातारीला नेलं. दुसरी, गंगाबायने आपला जीव देऊन पोरीचा वाचवला. दोन्ही ऐकायला बऱ्या आहेत आणि पहिली भाग्यलक्ष्मी मरेपर्यंत सांगत होती. मुलीचं बारसं झालं नाही. नाव तेजस्विनी ठेवलं ते मे महिन्यात, गोवा राज्य झालं त्या आठवड्यात, फटाक्यांनी ती दचकते का हे बघत. ती दचकायची, आणि प्रत्येक वेळी मी सुटकेचा श्वास सोडायचे. तिने मान उशिरा धरली, चालली उशिरा. बोलली मात्र वेळेवर. आम्ही त्या पावसाळ्याआधी पाळी सोडली आणि पेडण्याला गेलो. दत्ताराम पुन्हा ट्रकवर बसला नाही. मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत मी तिला झोपेतून उठवून बघायचे, दिवसातून कितीदा तरी, हात वर उचलून आणि सोडून. ती चिडायची.

गंगा ही सर्वणची वयजीण, वय अंदाजे चौसष्ट, पाळी येथे आमच्या खोलीत मंगळवार दिनांक १३ जानेवारी १९८७ रोजी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास वारली.